चार अंशांचे अकरा दिवस

१

बाटली नाहीशी झाल्यामुळे कुणाचं भलं झालं, याचा हिशेब संस्थेतल्या प्रत्येकाने सोमवारी सकाळी साडेनऊच्या आतच मांडून टाकला होता, आणि सगळ्यांचं उत्तर एकच येत होतं. मुंगीचं.

मुंगी म्हणजे दुसऱ्या मजल्यावर, दातांची द्रव्यं बनवणाऱ्या प्रयोगशाळेतली संशोधक मुलगी. दिवसभर हातात काहीतरी घेऊन भिंतीच्या कडेकडेने लगबग चालायची, म्हणून मुंगी. पाच वर्षं खपून तिने एक पॉलिमर तयार केलं होतं. मऊ पडलेल्या दातावर त्याचे थेंब टाकले की दाताच्या आत नवे खनिज स्फटिक शिस्तीत रांगा लावून वाढतात, असा तिचा दावा होता. फोटो होते, शोधनिबंध छापून आला होता, त्यावर तिच्या मार्गदर्शक सरांची दोन मोठी भाषणंही झाली होती. पण गेल्या आठ महिन्यांत तिने तेच द्रव पुन्हा सव्वीस वेळा बनवलं आणि सव्वीस वेळा ते फसलं. बाहेरच्या एका गटाने तर लिहूनच कळवलं, की तुमच्या पद्धतीने आमच्याकडे दाताच्या आत काही म्हणता काही होत नाही, वरच मिठासारखा थर जमतो. झालं. जे लोक काल तिच्याबरोबर फोटो काढून घेत होते, ते आज तिचे फोटो खरे की खोटे यावर बोलू लागले.

पहिल्या बाटलीत चाळीस मिलिलिटर द्रव उरलं होतं. ते सोमवारी बाहेर तपासणीला जायचं होतं. ते चाललं तर मुंगी खरी, नाही चाललं तर मुंगी खोटी. आणि सोमवारी फ्रीज उघडला तर बाटलीच नाही.

"सुंठीवाचून खोकला गेला," हिशेबनीस जिन्यात म्हणाला. "तिचा."

हे वाक्य भांडारबाईंनी ऐकलं आणि त्यांना ते आवडलं नाही. भांडारबाई म्हणजे तळमजल्यावरच्या स्टोअरच्या प्रमुख. बावीस वर्षं एका जाळीच्या खिडकीमागे बसून त्यांनी माणसं ओळखायची एक रीत बसवली होती: माणूस काय बोलतो ते ऐकू नये, काय मागतो आणि काय परत करतो ते बघावं. स्पिरिट जास्त नेणारा चोख काम करतो, फेविकॉल जास्त नेणारा चुका झाकतो. हा त्यांचा अनुभव.

दहा वाजता सरांनी त्यांना वर बोलावलं.

"बुधवारी तीनला चौकशी समिती बसतेय. बाटलीशी संबंधित स्टोअरच्या सगळ्या नोंदी काढून ठेवा. आणि बाई, जास्त चर्चा नको. निकाल जवळजवळ ठरलेलाच आहे."

"कुठला निकाल, सर?"

सरांनी चष्मा पुसला. "मुलीला जावं लागेल. पदवी मिळणार नाही. पुढे या क्षेत्रात तिला कुणी दारात उभं करणार नाही."

भांडारबाई जिना उतरल्या त्या नोंदी काढायला नव्हे. मुंगी कुठे लपली आहे ते त्यांना ठाऊक होतं.

२

मुंगी स्टोअरच्या मागच्या खोलीत, रिकाम्या खोक्यांवर बसली होती. रडून झालं होतं. आता नुसती नखं कुरतडत होती.

"तू घेतलीस?" भांडारबाईंनी विचारलं.

"ताई, तुम्ही पण?"

"मी पण. हो की नाही एवढं सांग."

"नाही. मला तर ती बाटली पाठवायची घाई होती. तपासणीची मागणीच माझी होती."

"हे कुणाला माहीत आहे?"

"सरांना. पत्रावर सही त्यांची आहे ना, म्हणून सगळ्यांना वाटतं त्यांनी सुचवलं."

भांडारबाईंनी मनातल्या मनात एक ओळ खोडली आणि दुसरी लिहिली. मग खोकं ओढून समोर बसल्या.

"आता मला नीट सांग, ते द्रव करतं काय? मी बारावी नापास आहे असं समज."

"तुम्ही बी.कॉम. आहात."

"रसायनात तेच ते."

मुंगी पहिल्यांदा किंचित हसली. "बालवाडीतली मुलं डोळ्यांसमोर आणा. कॅल्शियम आणि फॉस्फेट म्हणजे ती मुलं. मोकळी सोडली की अंगणातच घोळका करून बसतात, म्हणजे दातावर वरच्या वर खडे जमतात. आम्हाला ती वर्गात जायला हवीत. दाताच्या आत कोलॅजनचे तंतू असतात, बारीक दोऱ्यांसारखे. त्या तंतूंच्या आतल्या फटी म्हणजे वर्ग. पॉलिमर म्हणजे बाई. बाई सगळ्या मुलांना कवेत धरतात, दंगा करू देत नाहीत, रांगेने आत नेतात आणि बाकावर बसवतात. मग मुलं जिथल्या तिथे घट्ट होतात. तो झाला स्फटिक."

"आणि बाईंचं काय होतं?"

"बाईंचं काम झालं की त्या विरघळून जायला हव्यात, नाहीतर दातात अडकून राहतील. म्हणून मी पॉलिमरच्या लांब साखळीत मुद्दाम कच्चे दुवे घातलेत. पाण्यात हळूहळू तुटणारे. म्हणूनच बाटली चार अंशांवर ठेवायची. थंडीत दुवे टिकतात."

"मग नव्या बाटल्यांतल्या बाई आत का जात नाहीत?"

"तेच तर!" मुंगीचा आवाज चिरकला. "तीच कृती, तेच वजन, तोच फ्रीज. पहिली बाटली मी वार्षिक सुट्टीच्या आदल्या दिवशी बनवली. अकरा दिवसांनी परत आले, पहिल्याच प्रयोगात जमलं. त्यानंतरच्या बाटल्यांतल्या बाई दारातच अडकतात. जशा काही दारापेक्षा जाड झाल्यात."

"त्या बाटलीवर काही खूण?"

"लेबल. माझ्या अक्षरातलं नव्हतं, आमच्या प्रयोगशाळेतल्या काकांच्या अक्षरातलं होतं. सुट्टीत ओल येऊन माझी शाई पसरली होती म्हणे, म्हणून त्यांनी नवं चिकटवलं. काका किती सांभाळतात हो माझं सगळं." आणि ती पुन्हा रडायला लागली.

भांडारबाईंनी तिला डोळे पुसायला पदर नव्हे, स्टोअरची नवीकोरी पुसणी दिली. पुसणी एक, असं लिहूनही ठेवलं. तेवढ्यात जाळीवर कुणीतरी टकटक केली. दातांचे डॉक्टर होते, आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

३

दातांचे डॉक्टर आठवड्यातून दोनदा संस्थेत येत. उपटलेले दात प्रयोगांसाठी आणून देत आणि चकत्या कापून घेत. शनिवारी संध्याकाळी शेवटचे बाहेर पडले ते तेच, बगलेत छोटं खोकं घेऊन, असं फाटकावरचा रखवालदार सगळ्यांना सांगत सुटला होता.

"खोक्यात चकत्या होत्या, बाई. देवाशपथ. तुम्हीच पावती फाडलीत."

"चोवीस चकत्या. आहे माझ्याकडे. घाम कशाचा फुटलाय मग?"

डॉक्टर खुर्चीत टेकले. आवाज खाली आणून म्हणाले, "समितीला सांगणार नाही ना?"

"ते तुम्ही काय सांगता त्यावर."

"महिन्यापूर्वी मी त्या बाटलीतून दहा थेंब काढले होते."

"कुणावर वापरले?"

डॉक्टरांनी गालावर हात ठेवला. "स्वतःवर. ही खालची दाढ. परवानगी नाही, लायसन्स जाईल. पण माझ्याकडे बारा पेशंट वाट बघतायत. त्यांच्या तोंडात घालायचं ते आधी आपल्या तोंडात घालून बघावं म्हटलं."

"आणि?"

"तीन वर्षांत पहिल्यांदा गार पाणी पितोय." ते उसळून म्हणाले, "मी ती बाटली चोरीन? अहो, मी तिच्यावर रात्रंदिवस पहारा दिला असता!"

भांडारबाईंना हे पटलं. माणूस लबाड असेल, पण लबाडीला दिशा असते, आणि याची दिशा बाटलीकडे होती, बाटलीपासून दूर नव्हती. शिवाय एक गोष्ट फुकटात कळली. त्या द्रवात खरोखर काहीतरी होतं. पोरगी खोटी नव्हती.

सरांकडे त्या दुपारी गेल्या, नोंदींचं निमित्त करून. सर सरळ बोलणारे नव्हते, पण क्रियापदात सापडायचे.

"मी तिच्यावर विश्वास ठेवला होता," सर म्हणाले. "होता" वर जोर.

"बाटली सापडली तर?"

"सापडून काय करायचंय आता? तपासणी उलटली तर निबंधावर माझंही नाव आहे. नाही सापडली तर निदान..." ते थांबले.

"निदान एकटी तिचीच चूक ठरते," भांडारबाईंनी वाक्य पुरं केलं.

सर चिडले. पण चिडून त्यांनी टेबलावरची कुरियरची पावती पुढे ढकलली. "शनिवारी दुपारी मी स्वतः बर्फाचं खोकं मागवून ठेवलंय. गाडी सोमवारी साडेदहाला येणार होती. चोरायची असती तर हे सगळं कशाला केलं असतं? आणि त्या फ्रीजची किल्ली मी आयुष्यात हातात घेतलेली नाही. ती काकांच्या टेबलामागच्या खिळ्याला असते. कुणीही घ्यावी."

तेही खरं होतं. सर भित्रे होते. पण भित्रा माणूस संकट आल्यावर त्याचा फायदा उचलतो, स्वतः संकट उभं करायची त्याची छाती नसते.

मग उरलं कोण?

४

चार वाजता काका चहा घेऊन आले. हा रिवाज बावीस वर्षांचा. काका म्हणजे दुसऱ्या मजल्याचे प्रयोगशाळा सहायक. भांडारबाईंपेक्षा सहाच वर्षांनी मोठे, पण सगळ्यांचे काका, म्हणून त्यांचेही काका. दोन महिन्यांनी निवृत्त व्हायचे होते.

"काय सरकार, गुन्हेगार सापडला का?" जाळीतून कप सरकवत काका म्हणाले.

"सापडेल. पळून कुठे जातोय?"

"जाऊ द्या हो. पोर हुशार आहे, दुसरीकडे कुठेतरी लागेल. एका बाटलीने कुणाचं आयुष्य अडत नाही."

"तिचं अडतंय."

काकांनी बिस्किट चहात बुडवलं आणि ते विरघळून तळाला गेलं तरी तसेच धरून बसले.

"शनिवारी तुमच्याकडची रिकामी काच परत आली," भांडारबाई म्हणाल्या. "क्रेट मागे ठेवलाय. अजून मोजला नाही."

"बारा आहेत. पावतीवर लिहिलंय. मोजायचं काय त्यात?" काका उठले. "तुमचा आपला संशयी स्वभाव. मागे तो फ्रीजचा बल्ब मी परत केला, तर कारण लिहून द्या म्हणालात!"

ही थट्टा नेहमीची होती. भांडारबाई हसल्याही. काका गेल्यावर त्यांनी जुन्या बिलाच्या पाठीवर रेघ मारली. डावीकडे नफा, उजवीकडे तोटा. मुंगी: बाटली गेल्याने नफा दिसतो, पण तपासणी मागितली तिनेच, म्हणजे तोटा. डॉक्टर: तोटाच तोटा. सर: नफा आहे, पण तो आयता मिळालेला. काका: नफा काही नाही. तोटा काही नाही.

पेन्सिल तिथेच थांबली.

बावीस वर्षांत त्यांनी असा माणूस पाहिला नव्हता, ज्याच्या दोन्ही रकान्यांत शून्य. एकाच छपराखाली जे जगतात त्यांचा प्रत्येक घटनेत काहीतरी जमाखर्च असतोच. एखाद्याचा रकाना कोरा दिसत असेल, तर तो कोरा नसतो, आपल्याला ती नोंद सापडलेली नसते.

मनाला ते आवडलं नाही. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली, कप विसळला, जाळी पुसली, घरी जायची वेळ झाली का ते दोनदा बघितलं. मग नाइलाजाने नऊ महिन्यांपूर्वीचं रजिस्टर काढलं.

५

वार्षिक सुट्टीत इमारत अकरा दिवस बंद असते. काकांची तेवढी जबाबदारी असायची: रोज सकाळी येऊन फ्रीजचं तापमान बघायचं, तक्त्यावर लिहायचं आणि जायचं. तो तक्ता भांडारबाईंनी मंगळवारी सकाळी वरून मागवून घेतला. अकरा दिवसांच्या अकरा ओळी होत्या. ४.०, ४.१, ३.९, ४.०. प्रत्येक ओळीखाली काकांची गोल, शाळकरी सही. असा तक्ता पाहून कुणाच्याही डोळ्याचं पारणं फिटावं.

त्यांनी शेजारी आपलं रजिस्टर उघडलं आणि बोट ठेवून खाली आणलं.

सुट्टीच्या आदल्या संध्याकाळची नोंद, त्यांच्याच अक्षरात: दुसरा मजला, फ्रीजचा थर्मामीटर, एक, वार्षिक तपासणीसाठी ताब्यात घेतला. त्याखाली, सुट्टी संपल्याच्या सकाळची: थर्मामीटर परत लावला.

त्यांना ती संध्याकाळ लख्ख आठवली. काका व्हरांड्यात फरशी घासायचं मशीन फिरवत होते. एवढी घरघर, की हाक मारूनही ऐकू येईना. म्हणून त्या स्वतःच आत गेल्या, फ्रीज उघडून थर्मामीटर काढून घेतला आणि निघाल्या. सुट्टी संपल्यावर काका यायच्या आत घाईत तो परत टांगलाही, दिव्याकडे लक्ष न देता. काकांना सांगायचं राहूनच गेलं.

म्हणजे अकरा दिवस त्या फ्रीजमध्ये थर्मामीटर नव्हताच. मग काकांनी चार अंश वाचले कुठून?

एवढ्याने फार तर कामचुकारपणा ठरत होता. पण त्याच पानावर, त्याच संध्याकाळी, त्यांनी आणखी एक ओळ लिहिली होती: फ्रीज उघडल्यावर दिवा लागला नाही. नवा बल्ब द्यावा. आणि सुट्टीनंतर तिसऱ्या दिवशी: बल्ब, एक, न वापरता परत. कारण: दिवा चालू आहे.

न बदलता चालू झालेला बल्ब.

त्याच आठवड्यात मुंगीची नोंद होती: कोलॅजनची कुपी वास मारते, बदलून हवी. भांडारबाईंनी तेव्हा पुरवठादाराला असं खरमरीत पत्र लिहिलं होतं, की बिचाऱ्याने माफी मागून नवी कुपी फुकट दिली होती. ती कुपीही त्याच फ्रीजमध्ये होती. आणि लेबलवरची शाई ओल येऊन पसरली होती. चार अंशांवरच्या धडधाकट फ्रीजमध्ये ओल कुठून येते? बर्फाचा कप्पा वितळला तरच येते.

त्यांनी रजिस्टर मिटलं आणि मागच्या खोलीत गेल्या. क्रेटमधल्या बाटल्या एकेक करून टेबलावर मांडल्या. पावतीवर बारा लिहिलं होतं.

टेबलावर तेरा झाल्या. तेराव्या बाटलीचं लेबल खरवडून काढलेलं होतं, आणि ती रिकामी नव्हती.

मंगळवार त्यांनी तसाच जाऊ दिला. चार वाजता काका चहा घेऊन आले, तेव्हा डोकं दुखतंय म्हणून जाळी लावून घेतली.

६

बुधवारी अकरा वाजता त्यांनी काकांना मागच्या खोलीत बोलावलं. टेबलावर ती बाटली उभी होती. काकांनी तिच्याकडे पाहिलं, मग खोक्यावर बसले, अगदी मुंगी बसली होती त्याच जागी.

"फेकली का नाहीत?" भांडारबाईंनी विचारलं.

"हात होईना. दोनदा बेसिनपर्यंत नेली." काका तळव्यांकडे बघत होते. "फाटकावर पिशव्या बघतात. मग म्हटलं, तुमच्याकडे वर्षानुवर्षं काच पडून असते. माझ्या माघारी कधीतरी कुणीतरी ओतून टाकील."

"मी सांगते, चुकलं तर थांबवा. फरशीच्या मशीनला पॉइंट हवा होता. तुम्ही फ्रीजचा प्लग काढलात. परत लावायचा राहिला."

"हो."

"मी दार उघडलं तेव्हा दिवा लागला नाही, कारण वीजच नव्हती. अकरा दिवस फ्रीज बंद होता. तुम्ही एकदाही आला नाहीत."

"बहिणीचं ऑपरेशन होतं. रोज ठरवायचो, उद्या जाऊ." काकांनी सुस्कारा टाकला. "सुट्टीच्या शेवटच्या रात्री आलो तेव्हा आत सगळं कोमट, खाली पाण्याचं थारोळं. थर्मामीटर आहे का ते बघायचं भान कुठलं? प्लग लावला, पुसून घेतलं. तक्ता एका बैठकीत भरला. सरकार, कोण बघतं हो तो तक्ता? सव्वीस वर्षांत कुणी पाहिला नव्हता."

"आणि बाटली कोमट राहिली, म्हणून त्या पॉलिमरचे दुवे तुटले. जाड बाई बारीक झाल्या, दारातून आत गेल्या. पोरीला जे जमलं ते तुमच्या विसरण्याने जमलं. त्यानंतर तिने प्रत्येक बाटली शहाण्यासारखी थंड ठेवली, म्हणून प्रत्येक बाटली फसली."

"ते मला कुठे कळत होतं?"

"कधी कळलं?"

काकांनी बाटलीच्या खरवडलेल्या लेबलावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "पाचवी का सहावी बाटली फसली तेव्हा ती मला म्हणाली, काका, पहिल्या बाटलीला असं काय वेगळं झालं असेल हो? तेव्हा."

भांडारबाईंनी हिशेब केला. पाचवी बाटली म्हणजे सहा-साडेसहा महिने झाले.

"ती तुमच्या शेजारी बसून रडायची, काका."

"मी तिला चहा करून द्यायचो." हे त्यांनी इतकं साधेपणाने सांगितलं, की भांडारबाईंना रागावताही येईना. "रोज वाटायचं, आज सांगू. मग वाटायचं, जमेल तिला आपोआप, हुशार आहे. मग दिवस गेले. पहिल्या दिवशी सांगायला दोन शब्द लागले असते. सहा महिन्यांनी सांगायचं म्हणजे सहा महिने का नाही सांगितलं तेही आलं. शुक्रवारी तपासणीवाल्यांचं पत्र आलं, बाटली कुठल्या तापमानाला ठेवली होती त्याचा तक्ता सोबत जोडा म्हणून. म्हटलं, बाटलीच नसली तर तक्ता कोण मागतंय? शनिवारी काढून घेतली."

"तीन वाजता समिती आहे. तुम्ही आधी जाऊन सांगा. मी तोंड उघडायच्या आत."

काकांनी पहिल्यांदा वर बघितलं. त्या नजरेत त्यांना कधी न दिसलेलं काहीतरी होतं.

"आणि तुम्ही, सरकार? दिवा लागला नाही, हे तुम्हाला दिसलं होतं. प्लगकडे एकदा वाकून बघितलं असतंत, तर यातलं काहीच झालं नसतं. तुम्ही काय केलंत? बल्ब लिहिलात."

बाहेर कुणीतरी जाळी वाजवून हातमोजे मागत होतं, आणि भांडारबाई नेहमीसारख्या उठून द्यायला गेल्या नाहीत.

७

तीनला पाच कमी असताना काका समितीच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसले होते. मुंगी आत गेली. दार बंद झालं. काका हलले नाहीत.

भांडारबाई पाच मिनिटं थांबल्या, मग आणखी पाच. मग रजिस्टर आणि बाटली घेऊन त्यांनी दार ढकललं.

त्यांनी नोंदी तारखेप्रमाणे वाचल्या. थर्मामीटर, बल्ब, वास मारणारी कुपी, बारा म्हणून आलेल्या तेरा बाटल्या. बल्बची ओळ वाचताना त्या म्हणाल्या, "ही चूक माझी आहे, तीही लिहून घ्या." मुंगी आधी काही समजत नसल्यासारखी बघत होती. मग "कोमट" हा शब्द आला आणि तिचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

सर म्हणाले, "हे सगळे अंदाज झाले, बाई. प्लग निघाला होता याला पुरावा काय?"

"मीच काढला होता," दारातून काका म्हणाले. आत मात्र आले नाहीत.

बाटली तपासणीला गेली. तीन आठवड्यांनी अहवाल आला: साखळ्या तुटून लांबी मूळच्या तिसऱ्या हिश्श्यावर आली होती. मुंगीने तोवर थांबायची गरज पाहिली नव्हती. नवी बाटली तिने अकरा दिवस टेबलावर उघड्या हवेच्या तापमानात ठेवली, बाराव्या दिवशी दाताच्या चकतीवर थेंब सोडले, आणि सूक्ष्मदर्शकाखाली तंतूंच्या आत स्फटिक एकापुढे एक उभे होते.

म्हणजे गोष्ट गोड झाली, असं बाहेरच्याला वाटेल. भांडारबाईंनी मात्र कुणी किती भरलं ते मोजलं.

छापलेली पद्धत चुकीची होती, म्हणून सरांना निबंध मागे घ्यावा लागला. त्यावर उभी असलेली मानाची जागा दुसऱ्या कुणाला गेली. डॉक्टरांचे बारा पेशंट आणखी दीड वर्ष थांबणार होते. दोघे थांबू शकले नाहीत, त्यांचे दात काढावे लागले. भांडारबाईंना लेखी समज मिळाली, बावीस वर्षांतली पहिली, आणि चार वाजताचा चहा बंद झाला. त्या आता दुपारी जाळीमागे एकट्या बसून कप धुवायच्या, चहा न पिताच.

काकांना निवृत्तीच्या दीड महिना आधी घरी बसवलं. निरोप समारंभ नाही, भाषण नाही. फक्त तो अर्ज फिरला, जो जाणाऱ्या प्रत्येकाचा फिरतो, की या माणसाकडे आमचं काही येणं नाही. वाचनालयाने लिहिलं, काही नाही. हिशेब विभागाने लिहिलं, काही नाही. दुसऱ्या मजल्याच्या रकान्यात सही करायची होती मुंगीला.

ती अर्ज घेऊन खाली आली आणि जाळीच्या फळीवर तो ठेवून उभी राहिली.

"ताई, आठ महिने कुठल्या रकान्यात लिहायचे?"

"त्याला रकाना नाही गं."

"मला त्यांचा राग यायला हवा ना? येतो. पण मग तो चहाही आठवतो." तिने पेन उघडलं, पुन्हा बंद केलं. "त्यांनी दहाव्या बाटलीला सांगितलं असतं, पंधराव्या बाटलीला सांगितलं असतं, तरी मी त्यांच्या गळ्यात पडले असते."

शेवटी मुंगीने "काही नाही" असं लिहिलं, इतकं दाबून की कागद फाटला. खाली स्टोअरचा रकाना कोरा होता. भांडारबाईंनी काकांचं पान उघडून शेवटपर्यंत तपासलं. सव्वीस वर्षांत घेतलेली प्रत्येक वस्तू त्यांनी परत केली होती, एक बूचसुद्धा बाकी नव्हतं. त्यांनी सही केली, शिक्का मारला, आणि फाटलेल्या जागी मागून चिकटपट्टी लावून अर्ज वर पाठवून दिला.